मॉन्टगोमेरीचा बस बहिष्कार (१९५५-५६) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोझा पार्क्स आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ही नावं मराठी वाचकाला नवी नाहीत. पण या दोन नावांमागे एक अख्खी वस्ती वर्षभर पायी चालली, तिची ओळख आपल्याकडे फारशी नाही. त्या लढ्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ज्या बायांनी हा बहिष्कार रोजच्या रोज चालवला, त्यांच्याविषयीची उत्तरं मुद्दामच लांब ठेवली आहेत.

नेमकं काय झालं, थोडक्यात सांगाल का?

मॉन्टगोमेरी ही अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्याची राजधानी. शहर बसमध्ये गोऱ्यांनी पुढे आणि काळ्यांनी मागे बसायचं, असा तिथे कायदा होता. १ डिसेंबर १९५५ रोजी, गुरुवारी संध्याकाळी, रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. सोमवारी, ५ डिसेंबरला, शहरातल्या सुमारे ४०,००० कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. पुकारला होता एका दिवसासाठी, चालला ३८१ दिवस. २१ डिसेंबर १९५६ पासून बसमध्ये कुणीही कुठेही बसू लागलं.

बसमध्ये वेगळं बसवायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे?

बसमध्ये ३६ जागा असायच्या. पुढच्या १० गोऱ्यांसाठी राखीव. त्या रिकाम्या असल्या आणि मागे काळे प्रवासी दाटीवाटीने उभे असले, तरी तिथे बसायचं नाही. मागच्या १० जागा रिवाजाने काळ्यांच्या. मधल्या १६ जागा ड्रायव्हरच्या मर्जीवर. पुढच्या जागा भरल्या की तो मधल्या रांगेतल्या काळ्या माणसांना उठवायचा. तेही एकेकाला नव्हे. गोरा आणि काळा एका रांगेत बसलेले चालत नसत, त्यामुळे एका गोऱ्यासाठी रांगेतल्या चौघांना उठावं लागे.

चढायची रीत त्याहून वाईट होती. काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे टाकायचे, पुन्हा खाली उतरायचं आणि मागच्या दाराने आत यायचं. तो मागच्या दारापर्यंत पोचायच्या आत ड्रायव्हर कधी कधी बस सोडून द्यायचा. पैसे गेले ते गेलेच. ड्रायव्हरला आसनव्यवस्था लावण्यासाठी पोलिसासारखे अधिकार दिलेले होते. आणि याच बस कंपनीचे जवळपास तीन चतुर्थांश प्रवासी काळे होते, म्हणजे कंपनी चालत होती ती त्यांच्याच पैशांवर.

पण गुलामगिरी तर १८६५ मध्येच संपली होती ना?

संपली होती. राज्यघटनेत दुरुस्त्या होऊन काळ्यांना नागरिकत्व मिळालं आणि पुरुषांना मतदानाचा हक्कही मिळाला. पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी एकेक कायदा करून तो हक्क कागदावर आणून ठेवला. १८९२ मध्ये लुईझियानात होमर प्लेसी हा गृहस्थ गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात बसला आणि पकडला गेला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विरोधात निकाल दिला. सोयी समान असतील तर वेगळं ठेवणं घटनेला धरून आहे, असा त्या निकालाचा अर्थ होता. सोयी समान कधीच नव्हत्या, पण त्या निकालाच्या आडोशाने शाळा, दवाखाने, उपाहारगृहं, पाण्याचे नळ, बागा, स्मशानं, सगळं वेगळं झालं.

त्याही वेळी लोक गप्प बसले नव्हते. घोड्यांच्या आणि विजेच्या ट्रामगाड्यांत वेगळं बसवण्याचे नियम आले तेव्हा १९०० च्या आसपास दक्षिणेतल्या अनेक शहरांत काळ्यांनी बहिष्कार घातले. त्यांत मॉन्टगोमेरीही होतं. म्हणजे १९५५ मध्ये जे घडलं त्याची एक फेरी त्याच शहरात आधी होऊन गेली होती.

रोझा पार्क्स दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, असं वाचलं. खरं आहे का?

नाही. आणि ही गोष्ट इतक्या प्रेमाने सांगितली जाते की ती खोडून काढणं जिवावर येतं. पण ती खोडायलाच हवी, कारण तिच्यात बाईचे पाय उरतात आणि डोकं नाहीसं होतं.

पार्क्स तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या आणि एका मोठ्या दुकानात शिवणकाम करत. पण १९४३ पासून त्या एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या मॉन्टगोमेरी शाखेच्या सचिव होत्या. १९४४ मध्ये रेसी टेलर या तरुणीवर गोऱ्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केला, तेव्हा चौकशीसाठी शाखेने पार्क्सना पाठवलं. १९५५ च्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये, जिथे काळे आणि गोरे कार्यकर्ते एकत्र राहून शिकत, त्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. अटकेच्या चार दिवस आधी त्यांनी एमेट टिलच्या खुनाविषयीची सभा ऐकली होती. टिल १४ वर्षांचा मुलगा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिसिसिपीत त्याला ठार मारण्यात आलं आणि आरोपी निर्दोष सुटले.

त्या संध्याकाळी पार्क्स मधल्या भागातल्या रांगेत बसल्या होत्या. एक गोरा माणूस उभा राहिला, म्हणून ड्रायव्हर जेम्स ब्लेकने चौघांना उठायला सांगितलं. तिघं उठली. शेजारच्या माणसाला वाट द्यायला पार्क्सनी पाय बाजूला घेतले, आणि तो गेल्यावर त्या उठायच्या ऐवजी सरकून खिडकीच्या जागेवर बसल्या. याच ब्लेकने १९४३ मध्ये त्यांना बसमधून उतरवलं होतं, मागच्या दाराने चढायला नकार दिला म्हणून. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की अंगाने आपण रोजच्यापेक्षा जास्त दमलेल्या नव्हतो, दमलो होतो ते नमतं घेऊन घेऊन.

त्यांच्या आधी कुणीच नकार दिला नव्हता का?

दिला होता, आणि त्याच वर्षी अनेकींनी. २ मार्च १९५५ ला क्लॉडेट कोल्विन ही १५ वर्षांची शाळकरी मुलगी जागेवरून उठली नाही. पोलिसांनी तिला ओढत बाहेर काढलं, हातकड्या घातल्या आणि मोठ्यांच्या तुरुंगात टाकलं. शाळेत नुकताच काळ्यांचा इतिहास शिकवला गेला होता. हॅरिएट टबमन आणि सोजर्नर ट्रुथ या गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या दोघी दोन खांद्यांवर हात ठेवून आपल्याला खाली बसवत होत्या असं वाटलं, असं ती पुढे सांगायची. एप्रिलमध्ये ऑरेलिया ब्राउडर, ऑक्टोबरमध्ये १८ वर्षांची मेरी लुईस स्मिथ. सुझी मॅकडॉनल्ड या सत्तरीतल्या आजींनाही हाच अनुभव आला. या चौघींची नावं लक्षात ठेवा, पुढे कोर्टात त्याच भेटणार आहेत.

मग पुढाऱ्यांनी कोल्विनला पुढे का केलं नाही?

याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक कायद्याचं. अपिलात न्यायाधीशाने तिच्यावरचा बसमधल्या भेदाचा कायदा मोडल्याचा आरोप काढून टाकला आणि पोलिसावर हात उचलल्याचा तेवढा ठेवला. त्यामुळे त्या खटल्यातून मूळ कायद्यालाच आव्हान देण्याची वाट बंद झाली.

दुसरं उत्तर कडू आहे. ती किशोरवयीन होती, गरीब वस्तीतली होती, बोलायला फटकळ होती, आणि काही महिन्यांनी ती गरोदर असल्याचं कळलं. पुढाऱ्यांना असा चेहरा हवा होता ज्याच्यावर गोऱ्या वर्तमानपत्रांना बोट ठेवता येणार नाही. हिशेब म्हणून ते समजतं. पण त्या मुलीला शाळेत आणि गल्लीत जे एकटेपण भोगावं लागलं, ते या हिशेबात कुणी धरलं नाही. तिच्या नावावरचा तो गुन्हा न्यायालयाने पुसला २०२१ मध्ये, तेव्हा ती ८२ वर्षांची होती.

तीन-चार दिवसांत एवढा मोठा बहिष्कार उभा कसा राहिला?

तो तीन-चार दिवसांत उभा राहिला नाही. अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिका १९४९ मध्ये जवळपास रिकाम्या बसमध्ये चुकून गोऱ्यांच्या भागात बसल्या. ड्रायव्हर अंगावर धावून आल्यासारखा ओरडला, त्या रडत खाली उतरल्या. पुढे त्या विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या काळ्या शिक्षिका आणि नोकरदार स्त्रियांच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. बसमधल्या वागणुकीविरुद्ध या बायकांनी वर्षानुवर्षं महापौरांकडे खेटे घातले. मे १९५४ मध्ये रॉबिन्सन यांनी महापौर गेल यांना पत्रच लिहिलं: सुधारणा झाली नाही तर लोक बसवर बहिष्कार घालायच्या विचारात आहेत. म्हणजे पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधी.

गुरुवारी रात्री अटकेची बातमी कळली तशा रॉबिन्सन कॉलेजात गेल्या. एक सहकारी आणि दोन विद्यार्थी सोबतीला घेऊन रात्रभर सायक्लोस्टाइल मशीनवर पत्रकं काढली. एका कागदावर तीन पत्रकं, मग कापायची, मग गठ्ठे बांधायचे. शुक्रवारी सकाळी कॉलेजचे तास संपवून त्या गाडीने निघाल्या आणि शाळा, दुकानं, केशकर्तनालयं, जिथे जिथे कौन्सिलच्या बायका उभ्या होत्या तिथे गठ्ठे टाकत गेल्या. कॉलेज सरकारी होतं, कळलं असतं तर नोकरी गेली असती. पत्रकावर नाव नव्हतं.

दुसरा माणूस ई. डी. निक्सन. रेल्वेच्या शयनडब्यांत पोर्टरचं काम करणारा, कामगार संघटनेचा पक्का गडी. गोरे वकील क्लिफर्ड ड्यूर आणि त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया यांना सोबत घेऊन पार्क्सना जामिनावर सोडवून आणलं ते त्यानेच. त्याने एका वार्ताहराच्या कानावर बातमी घातली आणि रविवारी शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्राने बहिष्काराची हाक पहिल्या पानावर छापली. ज्यांना पत्रक मिळालं नव्हतं त्यांनाही त्यामुळे कळलं. सोमवारी पोलीस मोटारसायकलवरून बसच्या मागे फिरत राहिले, काळ्या प्रवाशांना कुणी दमदाटी करू नये म्हणून, असं सांगण्यात आलं. जे थोडे लोक बसने जाणार होते तेही पोलीस बघून बिचकले.

डॉ. किंग यांनीच हा लढा सुरू केला ना?

नाही. सोमवारी दुपारी मॉन्टगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन ही संघटना स्थापन झाली आणि किंग यांना अध्यक्ष केलं. ते २६ वर्षांचे होते, शहरात येऊन फार काळ झाला नव्हता, त्यामुळे जुन्या गटबाजीत त्यांचं नाव कुठे अडकलेलं नव्हतं. संध्याकाळी होल्ट स्ट्रीट चर्चमध्ये हजारो लोक जमले, आत मावेनात, रस्त्यावर लाउडस्पीकर लावावे लागले. तिथे त्यांचं पहिलं मोठं भाषण झालं. त्यांचं वक्तृत्व आणि धीर या लढ्याला लाभला, यात वाद नाही. पण त्यांना हाक मारणारी माणसं आधीपासून कामाला लागलेली होती.

मागण्या काय होत्या?

सुरुवातीच्या मागण्या ऐकून आज आश्चर्य वाटेल. ड्रायव्हरने नीट बोलावं. काळ्यांनी मागून आणि गोऱ्यांनी पुढून बसत यावं, जो आधी येईल त्याची जागा, बसलेल्याला उठवू नये. आणि काळ्या वस्त्यांच्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमावेत. वेगळं बसवणं बंद करा, असं त्यांत नव्हतं. एवढं जरी मान्य केलं असतं तरी बहिष्कार पहिल्याच आठवड्यात मिटला असता. शहराने आणि कंपनीने तेवढंही नाकारलं, आणि त्या नकारानेच मागणी मुळापर्यंत गेली.

वर्षभर लोक कामावर गेले कसे?

माझ्या मते या लढ्याचा खरा इतिहास इथे आहे. मॉन्टगोमेरीतल्या नोकरी करणाऱ्या काळ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गोऱ्यांच्या घरी घरकाम करत. धुणी, स्वयंपाक, मुलं सांभाळणं. काम शहराच्या एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला. बस ही त्यांची रोजची गरज होती आणि बहिष्काराचं सगळ्यात जास्त ओझं त्यांच्यावरच पडलं.

पहिले काही दिवस काळ्यांच्या टॅक्सींनी बसच्याच भाड्यात, म्हणजे दहा सेंटमध्ये, लोकांना नेलं. शहराने लगेच किमान ४५ सेंट भाड्याचा नियम काढून ते थांबवलं. मग लोकांनी स्वतःच्या गाड्या दिल्या. लुईझियानातल्या बॅटन रूज शहरात १९५३ मध्ये असा बहिष्कार झाला होता. तिथले पाद्री टी. जे. जेमिसन यांना किंग यांनी फोन केला आणि गाड्यांची व्यवस्था कशी लावली ते विचारून घेतलं. मॉन्टगोमेरीत सुमारे तीनशे गाड्या जमल्या. सकाळी वस्त्यांमधून कामाच्या भागात आणि दुपारनंतर उलट, असे थांबे ठरले, वेळा ठरल्या. पुढे चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेतल्या गेल्या आणि दारावर चर्चचं नाव लिहून त्या दिवसभर धावू लागल्या.

तरी गाड्या सगळ्यांना पुरणाऱ्या नव्हत्या. कित्येक जणी रोज मैलोन्‌मैल चालल्या. गंमत म्हणजे गोऱ्या मालकिणींची गाठ आपल्याच चुलीशी पडली. मोलकरीण आली नाही तर घर कसं चालणार? त्या गाडी काढून आपल्या बाईला आणायला-सोडायला लागल्या. महापौरांनी जाहीरपणे सांगितलं की हे बंद करा, तुमच्यामुळे बहिष्कार टिकतोय. मालकिणींनी ऐकलं नाही. काही जणी बहिष्काराच्या बाजूच्या होत्या, बाकीच्यांना फक्त वेळेवर स्वयंपाक हवा होता.

पैसा कुठून यायचा?

देशभरातल्या चर्चनी, कामगार संघटनांनी आणि अनोळखी माणसांनी पाठवला. पण रोजचं पेट्रोल मॉन्टगोमेरीतल्याच पैशांवर चाले, आणि त्यात जॉर्जिया गिलमोर यांचा वाटा विसरता येत नाही. त्या एका खानावळीत स्वयंपाकीण होत्या. त्यांनी आणि मैत्रिणींनी चिकन सँडविच, केक आणि 'पाय' नावाचा भाजलेला गोड पदार्थ करून विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकं काळी होती तशी गोरीही. पैसे कुठून आले असं कुणी विचारलं तर "कुठूनच नाही" असं सांगता यावं म्हणून गटाचं नावच ठेवलं "क्लब फ्रॉम नोव्हेअर". आठवड्याच्या सभेत गिलमोर उठून रक्कम जाहीर करायच्या तेव्हा सभागृह पाय आपटून दणाणून टाकायचं. बहिष्कारावरून किंग यांच्यावर भरलेल्या खटल्यात त्यांनी उघडपणे साक्ष दिली आणि त्यांची नोकरी गेली. मग त्यांनी घरीच खाणावळ काढली, आणि किंग त्यांच्याकडे जेवायला जात.

एकाही गोऱ्या माणसाने साथ दिली नाही का?

दिली, थोड्यांनी, आणि किंमत मोजून. रॉबर्ट ग्रेट्झ हे काळ्यांच्या चर्चचे गोरे पाद्री स्वतः गाडी चालवून लोकांना पोचवत. त्यांच्या घरावर बॉम्ब पडले. ज्युलिएट मॉर्गन या ग्रंथपाल बाईंनी डिसेंबर १९५५ मध्ये वर्तमानपत्राला पत्र लिहून या बहिष्काराची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली. त्यानंतर धमक्या, अपमान आणि बहिष्कृत आयुष्य त्यांच्या वाट्याला आलं. १९५७ मध्ये त्या हे जग सोडून गेल्या. आज शहरातल्या मुख्य ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे.

शहराच्या प्रशासनाने हा बहिष्कार मोडायला काय काय केलं?

सगळं. जानेवारी १९५६ मध्ये खोटी बातमी सोडली की काळ्या पाद्र्यांशी तडजोड झाली, बहिष्कार संपला. ती रविवारच्या अंकात छापून येणार होती. कार्ल रोवन या काळ्या पत्रकाराला ती शनिवारीच समजली आणि त्याने किंग यांना फोन केला. मग किंग आणि सहकारी त्या रात्री गावातल्या दारूच्या गुत्त्यांपासून नाचघरांपर्यंत फिरले आणि सांगत सुटले की बातमी खोटी आहे. सकाळी चर्चमधून सांगितलं. सोमवारी बस रिकाम्याच.

महापौर आणि त्यांचे सहकारी गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी काढलेल्या व्हाइट सिटिझन्स कौन्सिलचे उघड सभासद झाले. गाड्या चालवणाऱ्यांना क्षुल्लक कारणांवरून दंड होऊ लागले. ताशी २५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ३० च्या वेगाने गेले म्हणून किंग यांना अटक झाली. ३० जानेवारीला त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला, आत पत्नी कोरेटा आणि तान्ही मुलगी होती. दोन दिवसांनी निक्सन यांच्या घरावर. रॉबिन्सन यांच्या गाडीवर ॲसिड ओतलं. फेब्रुवारीत १९२१ चा एक जुना बहिष्कारविरोधी कायदा शोधून काढून ८९ जणांवर आरोप ठेवले. लोकांनी काय केलं? पोलीस शोधत येण्याची वाट न बघता, चांगले कपडे घालून, स्वतःहून ठाण्यावर जाऊन यादीत आपलं नाव आहे का ते विचारलं. जेलची भीती त्या दिवशी गेली.

विमा कंपन्यांनी स्टेशन वॅगनचे विमे रद्द केले. तेव्हा लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवला.

लोकांनी बॉम्बला बॉम्बने उत्तर का दिलं नाही?

काहींना द्यायचं होतं. किंग यांच्या घरावर हल्ला झाला त्या रात्री अंगणात संतापलेली गर्दी जमली होती, काहींच्या हातात शस्त्रं होती. किंग यांनी व्हरांड्यात उभं राहून त्यांना घरी पाठवलं. तोवर त्यांच्या स्वतःच्या घरातही संरक्षणासाठी बंदुका होत्या, हे सांगायला हवं. अहिंसा त्यांच्याकडे तयार होऊन आली नव्हती. बायर्ड रस्टिन आणि ग्लेन स्मायली हे गांधीविचारांत मुरलेले कार्यकर्ते १९५६ च्या सुरुवातीला तिथे आले, चर्चा झाल्या आणि किंग यांचा निश्चय हळूहळू पक्का झाला.

निकाल लागल्यावर बसमध्ये कसं वागायचं याचीही तालीम झाली. चर्चमध्ये खुर्च्या बससारख्या मांडायच्या, कुणी ड्रायव्हर, कुणी शिवीगाळ करणारा गोरा, कुणी ढकलणारा. शिवी आली तर उलटून बोलायचं नाही, धक्का बसला तर हात उचलायचा नाही. नाटकात गोरा झालेला कधी कधी इतका जोरात बोलायचा की त्याला आवरावं लागे.

जिंकलं कोण, बहिष्कार की कोर्ट?

दोघांना वेगळं करता येत नाही. पार्क्स यांना ५ डिसेंबरला खर्चासह १४ डॉलर दंड झाला, पण तो खटला राज्याच्या कोर्टांत अडकून पडणार हे वकील फ्रेड ग्रे यांनी ओळखलं. वयाच्या पंचविशीत असलेल्या या वकिलाने १ फेब्रुवारी १९५६ ला सरळ केंद्रीय न्यायालयात दावा लावला, ब्राउडर विरुद्ध गेल. वादी: ब्राउडर, कोल्विन, मॅकडॉनल्ड, स्मिथ. बॉम्ब पडत असताना नाव लावायला तयार झालेल्या बायका. पाचवी वादी होती, तिने धमक्यांमुळे माघार घेतली, आणि तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

५ जूनला तीन न्यायाधीशांनी दोन विरुद्ध एक असा निकाल दिला की बसमधला भेद घटनाबाह्य आहे. १३ नोव्हेंबरला शहराने गाड्यांच्या व्यवस्थेविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. त्याच दिवशी, कोर्टात सुनावणी चालू असतानाच, सर्वोच्च न्यायालयाने जूनचा निकाल कायम केल्याची बातमी आली. आदेश हातात पडेपर्यंत आणखी महिनाभर लोक गाड्यांशिवाय चालत राहिले.

पार्क्स यांचा बसमध्ये बसलेला तो फोटो अटकेच्या दिवसाचा आहे का?

नाही. तो २१ डिसेंबर १९५६ चा, पत्रकारांसाठी मुद्दाम काढलेला. मागे बसलेला गंभीर चेहऱ्याचा गोरा माणूस हा बातमीदार आहे. आणि गळ्यात ७०५३ क्रमांकाची पाटी असलेला फोटो फेब्रुवारी १९५६ मधल्या सामूहिक अटकेचा आहे. समाजमाध्यमांवर दोन्ही चुकीच्या तारखेने फिरतात.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं?

आठवड्याभरात बसवर गोळीबार सुरू झाला. रोझा जॉर्डन या गरोदर स्त्रीच्या पायांत गोळ्या घुसल्या. १० जानेवारी १९५७ ला चार चर्च आणि दोन घरांवर बॉम्ब पडले. त्याच महिन्यात विली एडवर्ड्स या तरुणाला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या लोकांनी पुलावरून नदीत उडी घ्यायला लावून मारलं. कुणालाही शिक्षा झाली नाही. शाळा, बागा, मतपेट्या अजून बंदच होत्या. त्यासाठी १९६० ची उपाहारगृहांतली धरणी, १९६१ च्या फ्रीडम राइड (भेद मोडण्यासाठी काढलेल्या बसयात्रा), १९६४ चा नागरी हक्क कायदा, अलाबामातल्या सेल्मा गावचा मोर्चा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा, इतकं चालावं लागलं. त्या मतदान कायद्याचा एक महत्त्वाचा भाग २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच निष्प्रभ केला.

पार्क्स यांचं पुढे काय झालं?

त्यांची नोकरी गेली, पती रेमंड यांनाही काम सोडावं लागलं. धमक्यांचे फोन थांबेनात. १९५७ मध्ये दोघं डेट्रॉइटला गेले आणि कित्येक वर्षं ओढगस्तीत काढली. १९६५ पासून त्या खासदार जॉन कॉनियर्स यांच्या कार्यालयात होत्या. २००५ मध्ये त्या वारल्या तेव्हा वॉशिंग्टनच्या संसद भवनात त्यांचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवलं. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि एका ठिकाणी तर थेट. जेम्स लॉसन हा मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा तरुण अमेरिकन १९५३ पासून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात काम करत होता. मॉन्टगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्याने नागपुरात, तिथल्या वर्तमानपत्रात वाचली. पुढे अमेरिकेत किंग यांच्याशी भेट झाली, दक्षिणेत या, वाट बघू नका, असं किंग म्हणाले. लॉसन नॅशव्हिलला गेले आणि धरणी धरणारी विद्यार्थ्यांची एक अख्खी पिढी त्यांनी अहिंसेत तयार केली. किंग यांचे गुरू बेंजामिन मेज हे त्याआधी वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेले होते. १९५९ मध्ये स्वतः किंग दांपत्य भारतात आलं तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिलं.

आणखी मागे जायचं तर जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये "गुलामगिरी" हा ग्रंथ अमेरिकेतली गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केला. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं. आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन.

मग हे म्हणजे अमेरिकेतलं महाड, असं म्हणता येईल का?

घाईने म्हणू नये. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं १९२४ मध्येच कागदोपत्री सर्वांना खुलं केलं होतं, अडवत होती ती रूढी. मॉन्टगोमेरीत कायदाच भेद करत होता आणि पोलीस त्याची अंमलबजावणी करत होते. साम्य आहे ते दुसरीकडे: हक्काची वस्तू रोजच्या वापरातली होती, एकीकडे पाणी, दुसरीकडे बसची जागा. आणि महाडचा दावाही १९३७ पर्यंत, उच्च न्यायालयापर्यंत, लढवावा लागला.

अमेरिकेत राहतो. तिथे जाऊन काय पाहता येईल?

अटलांटाहून मॉन्टगोमेरी मोटारीने साधारण अडीच तासांवर आहे, एका दिवसात जाऊन येता येतं. पार्क्स यांना जिथे अटक झाली तिथे ट्रॉय विद्यापीठाचं संग्रहालय आहे. किंग यांचं डेक्सटर ॲव्हेन्यू चर्च राज्याच्या विधानभवनाच्या अगदी जवळ आहे. त्याच विधानभवनात १८६१ मध्ये गुलामगिरी टिकवायला निघालेल्या राज्यांच्या अध्यक्षाने शपथ घेतली होती, दोन्ही वास्तू एका नजरेत येतात. किंग यांचं घर पाहता येतं, बॉम्बने व्हरांड्यात पडलेला खड्डा दाखवतात. झुंडबळींचं स्मारक २०१८ मध्ये उघडलं, त्यासाठी निदान दोन तास हाताशी ठेवा. पार्क्स यांची ती बस मात्र इथे नाही. ती मिशिगनमध्ये डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे, दुरुस्त करून ठेवलेली, आणि तिच्यात चढून बसता येतं.